नाशिकची माती, उपसागराचा तळ

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. डोक्यावरून गेलं की महापूर. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटला याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, पण जुन्या नाशिककराला ते पुरत नाहीत. ‘मारुती कुठवर बुडाला?’ हा त्याचा पहिला प्रश्न. १९६९चा पूर, अलीकडचे २०१६ आणि २०१९चे पूर याच मापाने लोकांच्या लक्षात राहिलेले आहेत.

पूर ओसरला की रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर चिखल साचलेला असतो. काळपट तपकिरी, बोटांत धरला तर साबणासारखा निसटणारा आणि दोन दिवस ऊन लागलं की तडकून पापुद्रे सुटणारा. झाडू आणि पाण्याचे पाइप घेऊन तो धुऊन काढावा लागतो. पण घाटावर राहिला तो नगण्य. खरा गाळ पुराबरोबर केव्हाच पुढे गेलेला असतो. तो जातो कुठे, आणि त्याने कुठवर जायचं हे कोण ठरवतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर. तिथेच उगम पावणारी गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीचा पश्चिमेचा कडा उभा तुटलेला आणि पठाराचा उतार पूर्वेकडे, त्यामुळे घाटमाथ्यावर दोन हातांच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांचं नशीब वेगळं होऊ शकतं. त्र्यंबकच्याच डोंगरात उगवणारी वैतरणा पश्चिमेला जाते. दमणगंगाही तिकडचीच. कळवण-सटाण्याकडची गिरणा आधी तापीला मिळते आणि तिच्याबरोबर खंभातच्या आखाताकडे वळते. म्हणजे नाशिक जिल्ह्याची माती दोन समुद्रांत वाटली जाते. हा योगायोग पुढे आपल्या फार कामी येणार आहे, कारण त्या दोन किनाऱ्यांचं पाण्याखालचं रूप एकमेकांच्या अगदी उलट आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी, काळ्या बेसॉल्टचे काही थर सापडतात. दख्खनच्या मुख्य पठारापासून ते शेकडो किलोमीटर तुटलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीकडून निघालेला लाव्हा तेव्हाच्या नदीखोऱ्यांतून वाहत तिथवर पोचला असावा, असं भूवैज्ञानिक मानतात. तसं असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना करावी लागेल. माती ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने तिचा खडकही एकदा गेलेला आहे.

नाशिकहून निघालेला गाळ नांदूर मध्यमेश्वर, पैठण, नांदेड करत तेलंगणात शिरतो. वाटेत मांजरा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी आपापल्या खोऱ्यांतली माती आणून घालतात. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२मध्ये पूर्ण केलेला बंधारा लागतो. त्याच्याखाली नदीला गौतमी आणि वसिष्ठा अशा मोठ्या शाखा फुटतात आणि ती समुद्राला मिळते. शाळेच्या नकाशात गोदावरी इथे संपते. गाळाच्या दृष्टीने इथे फक्त निम्मी गोष्ट संपते.

किनाऱ्यापुढे जमीन एकदम खोल जात नाही. आधी समुद्रबूड जमीन लागते, म्हणजे खंडाचीच पाण्याखाली गेलेली, जवळजवळ सपाट कड. तिच्या टोकाशी साधारण शंभर-दीडशे मीटर पाणी असतं. तिथून खंडान्त उतार सुरू होतो आणि तो दोन-तीन हजार मीटर खोल घेऊन जातो. या उताराला नद्यांच्या दऱ्यांसारख्या घळया पडलेल्या असतात. घळईच्या खालच्या तोंडाशी, जिथे उतार संपून सागराचा तळ सुरू होतो, तिथे गाळ पसरून पंख्याच्या आकाराचा ढीग बनतो. ढीग हा शब्द मात्र फसवा आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखासमोरून सुरू होणारा बंगालचा गाळपंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे. श्रीलंकेला मागे टाकून तो विषुववृत्ताच्या दक्षिणेपर्यंत जातो. त्याची रुंदी काही ठिकाणी १,४०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि उत्तरेकडे गाळाची जाडी १६ किलोमीटरहून अधिक भरते. जगात याहून मोठा गाळपंखा नाही. जोसेफ करे आणि डेव्हिड मूर या दोन अमेरिकन सागरशास्त्रज्ञांनी १९७१मध्ये त्याचं पहिलं सविस्तर चित्र मांडलं आणि हिमालयाची झीज या पंख्यात कशी साठत गेली तेही दाखवलं. त्याच्या पश्चिम कडेला महानदी, गोदावरी, कृष्णा यांचा गाळ येऊन मिळतो. उपसागराच्या त्या बाजूच्या चिखलात स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज जास्त सापडतं. पाणी मिळालं की फुगायचं आणि वाळलं की भेगा पाडायच्या, हा त्याचा स्वभाव. आपल्या काळ्या रेगूर मातीचा स्वभाव म्हणजे याच खनिजाचा स्वभाव.

आता प्रश्न असा की किनाऱ्याजवळ शांत होऊन बसायला हवा तो गाळ शेकडो किलोमीटर आत, हजारो मीटर खोल गेला कसा?

घरी करून बघता येईल असा एक प्रयोग आहे. काचेच्या उंच बरणीत पाणी भरा आणि तिच्या तळाशी थोडा कल मिळेल अशी ती तिरकी टेकवून ठेवा. वाटीत काळी माती, थोडी बारीक वाळू आणि पाणी कालवून ते वरच्या कडेने अलगद सोडा. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यात मिसळून जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ते जड असतं, म्हणून काचेला धरून ढगासारखं खाली घसरतं, तळाशी पोचतं आणि तळ धरून पुढे सरकतं. थोड्या वेळाने बघितलं तर वाळू सर्वांत खाली बसलेली असते, तिच्यावर रवाळ गाळ आणि वर चिकणमाती. सर्वांत वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही पुरतं निवळलेलं नसतं. स्मेक्टाइटचे कण इतके बारीक असतात की त्यांना बसायची घाई नसते.

समुद्रात हेच घडतं, अजस्र प्रमाणावर. उताराच्या माथ्यावर साचलेला गाळ भूकंपाने, वादळाने किंवा स्वतःच्याच वजनाने सुटतो, पाण्यात मिसळतो आणि गढूळ लोट होऊन घळईतून खाली धावतो. या लोटांची कल्पना हार्वर्डमधले भूवैज्ञानिक रेजिनाल्ड डेली यांनी १९३६मध्ये मांडली, आणि गंमत अशी की ती मांडताना त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्राची पातळीच होती. हिमयुगात समुद्र खाली गेला असणार, उघड्या पडलेल्या चिखलावर लाटा आपटल्या असणार, आणि त्या गढूळ पाण्याच्या लोटांनीच या घळया कोरल्या असणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लोट आणि समुद्राची पातळी हे आपल्या विषयाचे दोन्ही धागे जन्मापासूनच एकत्र गुंफलेले आहेत. क्यूनन या डच शास्त्रज्ञाने हौदात असे लोट करून दाखवले, तरी अनेकांना ते पटेना.

पुरावा समोर होता, फक्त तो कुणी तसा वाचला नव्हता. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सजवळ मोठा भूकंप झाला आणि अटलांटिकच्या तळावरच्या बारा टेलिग्राफ केबल तुटल्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या लगेच तुटल्या. पुढच्या मात्र एकामागून एक, उताराच्या क्रमाने, आणि शेवटची तब्बल १३ तासांनंतर. केबल कंपन्यांच्या नोंदींत प्रत्येक तुटण्याची वेळ मिनिटापर्यंत होती. १९५२मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळांवरून हिशोब मांडला, तेव्हा समुद्राच्या तळावरून मोटारीच्या वेगाने काहीतरी धावत गेल्याचं स्पष्ट झालं. तो गाळाचा लोट होता. पुढे १९६२मध्ये आर्नोल्ड बूमा यांनी अशा लोटांतून बसणाऱ्या थरांचा ठरावीक क्रम सांगितला: खाली जाड वाळू, मग बारीक होत जाणारे पट्टे, सर्वांत वर चिकणमाती. आपल्या बरणीतलाच क्रम.

पंख्यावर पोचलेला लोट सगळीकडे सारखा पसरत नाही. तो पाट पाडून जातो. पाटातून उसळून बाहेर पडलेला बारीक गाळ दोन्ही कडांना बसतो आणि पाटाला काठबांध तयार होतात. काठबांध उंच होत जातात, पाटाचा तळही वर येतो, आणि एक दिवस काठबांध फुटून लोट शेजारच्या सखल भागात शिरतो. कांद्याच्या शेतात दारं धरणारा माणूस एक वाफा भरला की पाटाचा बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घालतो. पंख्याचंही तसंच, फक्त इथे फावडं कुणाच्या हातात नाही आणि एक वाफा भरायला हजारो वर्षं लागतात. बंगालच्या पंख्यावर असे असंख्य पाट पडलेले आहेत आणि आज त्यातला एकच चालू आहे. २०१५मध्ये ‘जॉइडेस रेझोल्युशन’ या जहाजाने ८ अंश उत्तर अक्षांशावर पूर्व-पश्चिम रेषेत सात ठिकाणी तळात छिद्रं पाडून वेध घेतले ते याचसाठी. एकाच ठिकाणी छिद्र पाडलं तर तिथे गाळ येणं थांबलं म्हणजे समुद्र वर आला, की नुसता पाट शेजारी सरकला, हे कळायला मार्ग नसतो.

आता समुद्राच्या पातळीकडे वळू. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिका आणि युरोपावर कित्येक किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते. ते पाणी समुद्रातूनच गेलेलं. त्यामुळे जगभर समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मग बर्फ वितळू लागला आणि पाणी चढत गेलं. ते सारख्या वेगाने चढलं नाही. साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या एका टप्प्यात काही शतकांतच ते १५-२० मीटर वर आलं. साधारण सात हजार वर्षांपूर्वी हा चढ बहुतेक थांबला. गेल्या आठ-नऊ लाख वर्षांत अशी ओहोटी-भरती सुमारे लाख-लाख वर्षांच्या फेऱ्यांनी होत आली आहे. हे कळलं तेही तळाच्या चिखलातूनच. फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव आपल्या कवचात ऑक्सिजनचे हलके-जड अणू साठवतात आणि त्यांच्या प्रमाणावरून त्या काळी किती पाणी बर्फात अडकलेलं होतं याचा अंदाज येतो.

समुद्र १२० मीटर उतरला म्हणजे काय होतं, हे समजायला मुंबईसमोरचं उदाहरण चांगलं. तिथली समुद्रबूड जमीन ३०० किलोमीटर किंवा त्याहून रुंद आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ओएनजीसीचे बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्म उभे आहेत आणि तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास आहे. हिमयुगात ती सगळी जागा कोरडी होती. किनारा त्याच्याही पलीकडे, आणि तापी, वैतरणा, उल्हास यांना समुद्र गाठायला आजच्यापेक्षा कितीतरी लांब जावं लागे. तिथवर पोचल्यावर मात्र त्यांचा गाळ थेट उताराच्या कडेला येऊन पडे. आज तोच गाळ खंभातच्या आखातात आणि उथळ समुद्रबूड जमिनीवर भरतीओहोटीच्या हिंदकळण्यात अडकून पडतो. खोल तळापर्यंत जायला त्याच्याकडे उतारच उरलेला नाही.

आता पूर्वेला या. गौतमीच्या मुखापासून ५० किलोमीटरच्या आत एका ठिकाणी १,२६८ मीटर पाणी आहे. तिकडे १६० किलोमीटरवर ७५ मीटर, इकडे ५० किलोमीटरच्या आत सव्वा किलोमीटर. गोदावरीसमोरची समुद्रबूड जमीन म्हणजे एक अरुंद पायरी आहे. समुद्र खाली गेला तेव्हा गोदावरीचं मुख त्या पायरीच्या काठावर येऊन उभं राहिलं आणि पुराचा गाळ जवळपास थेट घळयांत पडू लागला. त्या काळात ब्रह्मगिरीची माती खोल समुद्रात पोचायला फारशी अडचण नव्हती. समुद्र वर आल्यावर मुख मागे सरकलं, पायरी पुन्हा बुडाली, आणि गेल्या सहा-सात हजार वर्षांत नदीने आपला बराचसा गाळ किनाऱ्यालाच ओतून आजचा भातशेतीचा, नारळीचा त्रिभुज प्रदेश बनवला. जुने किनारे दाखवणाऱ्या वाळूच्या रांगा तिथे आतल्या भागात एकामागे एक दिसतात. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मध्ये राहून गेलेल्या खोलगट भागात कोल्लेरू सरोवर आहे. याच त्रिभुज प्रदेशातल्या कोनसीमा भागातलं समृद्ध गाव आणि खोल समुद्रातला पंखा हे एकाच गाळाचे वाटेकरी. एकाची वाढ होते तेव्हा दुसऱ्याची उपासमार होते.

यातूनच एक नियम तयार झाला: समुद्र खाली असतो तेव्हा पंखे वाढतात, वर असतो तेव्हा झोपतात. १९७०च्या दशकात एक्सॉन कंपनीतल्या पीटर व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम भूकंपलहरींच्या चित्रांवरून समुद्राच्या चढउतारांचा इतिहास वाचायची पद्धत बसवली आणि हा नियम तेलशोधकांच्या हाती पडला. त्यात पैसा होता. पंख्याच्या पाटांत साठलेली वाळू म्हणजे तेल-वायूचं उत्तम कोठार असतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात २००२मध्ये सापडलेला आणि २००९पासून काढला गेलेला डी-६ या क्षेत्रातला वायू अशाच जुन्या पाटांच्या आणि काठबांधांच्या वाळूतला होता. २०१०नंतर तिथलं उत्पादन झपाट्याने घसरलं. त्यामागची कारणं वादग्रस्त आहेत. पण पाट ही जागा बदलणारी चीज असल्यामुळे त्यातली वाळूही तुकड्यातुकड्यांनी पडलेली असते, हे मात्र वादापलीकडचं.

नियम लागू पडतो अशी उदाहरणं भरपूर आहेत. ॲमेझॉनचा पंखा हिमयुगात जोमाने वाढला आणि समुद्र चढल्यावर जवळपास थांबला. आज त्याच्यावर वरून रिमझिमणाऱ्या सूक्ष्म कवचांचा आणि बारीक चिखलाचा पातळ थर आहे. अरबी समुद्रातला सिंधूचा पंखा, लांबी सुमारे १,५०० किलोमीटर, साधारण याच वळणाचा. २०१५मध्येच मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी बेसिनमध्ये या पंख्यात वेध घेतले गेले. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्यातल्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेतले धनंजय पांडे होते. दुसरे पीटर क्लिफ्ट.

पण नियम जितका नेटका तितका मला त्याचा संशय येतो, आणि इथे तो सर्वांत मोठ्या पंख्यालाच लागू पडत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेसमोरची घळई समुद्रबूड जमीन जवळजवळ पूर्ण चिरत किनाऱ्याच्या दिशेने आत आलेली आहे. तिचं डोकं उथळ पाण्यात, चाळीस मीटरपेक्षाही कमी खोलीवर आहे. खलाशांच्या दोरीला तिथे तळ लागत नसे, म्हणून इंग्रजी नकाशांवर तिचं नाव ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ असं पडलं. समुद्र कितीही वर आला तरी या घळईचं डोकं गाळाच्या आवाक्यातच राहतं. आजही या नद्या वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात आणि त्यातला साधारण एक तृतीयांश या घळईकडे जातो. १९९७मध्ये मायकेल वेबर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की समुद्र चढत असताना आणि चढून स्थिरावल्यावरही बंगालच्या पंख्यावरचा चालू पाट गाळ घेतच होता. आफ्रिकेत काँगो नदीचीही हीच तऱ्हा. तिची घळई चक्क नदीच्या मुखात शिरलेली आहे. जानेवारी २०२०मध्ये तिथून सुटलेला एक लोट हजार किलोमीटरहून अधिक धावला आणि त्याने पश्चिम आफ्रिकेला इंटरनेट पुरवणाऱ्या केबल तोडल्या. समुद्र भरतीच्या शिखरावर असताना.

म्हणजे पातळी किती, एवढंच विचारून भागत नाही. समुद्रबूड जमीन किती रुंद, घळईचं डोकं कुठे, आणि नदी आणते किती, हेही विचारावं लागतं.

शेवटचा प्रश्न आपल्याकडे मान्सूनपाशी येऊन थांबतो. हिमयुगात समुद्र खाली होता खरा, पण तेव्हा मान्सूनही दुबळा होता. वाट मोकळी आणि माल कमी. हिमयुग सरल्यावर, अकरा ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात मान्सून जोरावर आला. गंगा-ब्रह्मपुत्रा त्या काळात आजच्यापेक्षा किमान दुप्पट गाळ आणत होत्या, असं त्रिभुज प्रदेशातल्या वेधांवरून दिसतं. समुद्र झपाट्याने चढत असताना त्यांचा त्रिभुज प्रदेश बुडाला नाही, उलट वाढला, तो यामुळे. समुद्र आणि पाऊस एकाच हवामानाच्या तालावर नाचतात, पण अनेकदा एकमेकांच्या उलट पावलं टाकतात. थरातली जाडी वाचताना कुणाचं पाऊल दिसतंय हे सांगणं सोपं नसतं.

गोदावरीपुरतं या गुंत्याला एक विलक्षण उत्तर मिळालं, आणि ते वायुहायड्रेटच्या शोधातून. मिथेन आणि पाणी यांचा बर्फासारखा घन पदार्थ खोल समुद्राच्या चिखलात सापडतो. त्याच्या शोधासाठी २००६मध्ये भारताच्या राष्ट्रीय मोहिमेने तेच ‘जॉइडेस रेझोल्युशन’ जहाज आणलं आणि आपल्या किनाऱ्यांभोवती २१ ठिकाणी वेध घेतले. वर ज्या १,२६८ मीटर खोलीचा उल्लेख केला तो त्यातल्याच एका वेधाचा, क्रमांक १६-अ. गेल्या अकरा-बारा हजार वर्षांचा गाळ तिथे जेमतेम आठ-नऊ मीटर आहे. लोटांनी आणलेली वाळू त्यात नाही. पुराच्या गढूळ पाण्याचा तवंग समुद्रावर पसरतो आणि त्यातून सावकाश निथळलेली चिकणमाती तेवढी इथे साठली आहे. म्हणून त्यात खंड नाहीत. पानामागून पान उलटावं तसं ते वाचता येतं.

अमेरिकेच्या वूड्स होल संस्थेतले लिव्हियू जिओसन आणि त्यांचे सहकारी यांनी हा गाळ वाचला. पानांवरच्या मेणाचे रेणू हजारो वर्षं टिकतात. त्यातल्या कार्बनवरून खोऱ्यात कोरडेपणात तग धरणारं गवत-झुडूप जास्त होतं की ओलाव्याचं रान, हे कळतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून मध्य भारत कोरडा होत गेल्याचं त्यातून दिसलं. दुसरी खूण निओडिमियम या मूलद्रव्याची. दख्खनचा बेसॉल्ट आणि खालच्या खोऱ्यातले फार जुने नाइस खडक यांत त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगवेगळं असतं, म्हणून चिमूटभर गाळावरून ती माती कुठली हे सांगता येतं. गेल्या सुमारे तीन हजार वर्षांत दोन गोष्टी झाल्या होत्या. गाळ साठण्याचा वेग वाढला होता, आणि त्यात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढला होता.

पाऊस कमी होत होता. समुद्र जागच्या जागी होता. मग माती का वाढली?

उत्तर खोऱ्याच्या वरच्या अंगाला, आपल्याच पायाखाली आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठी जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याच्या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० या काळातली. तिची गावं बहुतेक नदीकाठच्या काळ्या जमिनीवर, बार्लीसारखी धान्यं पिकवणारी. त्यानंतर लोखंड आलं, सातवाहन आले. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना त्या काळच्या मापाने दोनशे निवर्तनं शेत दिल्याची नोंद कोरलेली आहे. जमीन दान देण्याइतकी मोजून, आखून, नांगराखाली आलेली होती. उन्हाळ्यात भेगाळलेलं उघडं काळं रान आणि त्यावर पहिला वळीव. रान गवताखाली असतं तर हीच माती जागेवर राहिली असती. जिओसन यांचं अनुमान असं की हवामान कोरडं होत गेल्याने झाडोरा विरळ होऊन धूप वाढली, आणि पुढे या शेतीने ती आणखी वाढवली.

म्हणजे गोदावरीच्या मुखासमोरच्या त्या जाडावलेल्या थरात हवामान आणि नांगर दोघांचाही वाटा आहे. समुद्राच्या पातळीचा मात्र यात हात नाही, एवढं नक्की.

गेल्या साठ वर्षांतली पानं आणखी वेगळी असणार आहेत. गंगापूर धरण १९६५चं, जायकवाडी १९७६चं, खाली श्रीरामसागर आणि इतर अनेक. १९७०च्या दशकात गोदावरी समुद्रात वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ नेत होती, १९९०च्या दशकात तो आकडा ६ कोटी टनांच्या आत आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही भागांत खचू लागला आहे. अडलेला गाळ आता नाशिकच्याच ‘मेरी’ संस्थेला, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, उपग्रहाच्या चित्रांवरून धरणाधरणांत मोजावा लागतो. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे तो इतका साठला की तिथे बेटं आणि दलदल तयार झाली, पक्षी आले आणि २०२०मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ जाहीर झालं. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी तोच गाळ ट्रॅक्टरने उपसून पुन्हा रानात टाकतात. उपसागराकडे निघालेली माती अर्ध्या वाटेतून माघारी आणली जाते.

दहा-वीस हजार वर्षांनी कुणी गोदावरीसमोर पुन्हा वेध घेतला तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला गाळाचा थर त्याला एकाएकी पातळ झालेला दिसेल. हाताशी फक्त पाठ्यपुस्तकातला नियम असेल, तर तो लिहून मोकळा होईल की इथे समुद्र एकदम वर चढला. समुद्र खरंच चढतोही आहे, वर्षाला तीन-चार मिलिमीटर, पण तो थर त्याने पातळ केलेला नसेल.